उतरंड

"शेवंतीला एवढं मोठं कडं कशाला लागतंय ओ मास्तर?"

अक्कलकोट रोडच्या एका वेल्डिंगवाल्याचा हा प्रश्न. मी म्हटलं होतं शेवंड. ग्राइंडरच्या खरखराटात त्याला ऐकू आलं शेवंती. बायकोनं गच्चीवर फुलझाडांचा घाट घातला असणार असं त्यानं मनाशी धरलं आणि सळई वाकवायला घेतली. मी त्याची चूक सुधारली नाही. मे महिन्याच्या दुपारी, पारा बेचाळीसवर असताना, सोलापुरात उभं राहून "शेवंड म्हणजे समुद्रातला काटेरी मोठा झिंगा, तो धरायचं जाळं करतोय" असं सांगायला मला लाज वाटली. इथून रस्त्यानं कुठल्याही दिशेला निघा, तीनशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं तेच चार-पाच दिवसांनी.

पाच कडी करून घेतली. आतून बत्तीस इंच. एका कड्याला सळई लागते आठ फूट पावणेसहा इंच, आणि दहा मिलिमीटरची सळई घेतली की कडं दीड किलोच्या जरा वर जातं. असले हिशेब मला आवडतात. चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात गेली, त्यातली निम्मी मागावर नक्षी उठवणाऱ्या जॅकार्डच्या खाली मान वर करून. सोलापुरी चादरीवरचा मोर सरळ उभा राहावा म्हणून माणूस किती गोष्टी मोजतो हे चादर पांघरणाऱ्याला कधी कळत नाही, आणि कळायचं कारणही नाही.

ही कड्यांची भानगड जावईबापूंमुळं सुरू झाली. ते मूळचे उरणचे, नोकरीनं कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोला. लेकीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, पण या माणसाशी माझं बोलणं म्हणजे "प्रवास कसा झाला?" आणि "ऊन फार आहे ना तिकडं?" एवढंच. ते मला मामा म्हणतात, मी त्यांना तुम्ही म्हणतो. दोघंही अबोल. दोन अबोल माणसं एका खोलीत बसली की टीव्हीचा आवाज आपोआप वाढतो.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही नवराबायको तिकडं गेलो होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जावईबापू गॅरेजमध्ये काहीतरी खुडबुड करत होते. मी सहज डोकावलो. जमिनीवर पाच गोल जाळी पडलेली, दोऱ्यांची भेंडोळी, आणि भिंतीला टेकवलेली प्लास्टिकची लांबलचक पिवळी होडी. कयाक म्हणतात तिला. दोघांना बसायची, वल्ह्यानं मारायची. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "मामा, आमच्याकडं याला फग म्हणतात. आजोबा खाडीत चिंबोऱ्यांना लावायचे. हे तेच, फक्त मोठं. इथं शेवंडाला लावतात."

नऊ वर्षांतलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य असावं.

जाळं साधंच असतं. वर एक मोठं कडं, खाली एक लहान, दोन्हीच्या मध्ये आणि तळाला नायलॉनची जाळी. तळाच्या मध्यभागी आमिषाची जाळीदार डबी, तिच्यात बांगड्याचे तुकडे नाहीतर माशाची डोकी. वरच्या कड्याला सारख्या अंतरावर तीन दोऱ्या, त्या वर एका गाठीत मिळतात. आपल्याकडं दुधाचं शिंकं असतं ना, तसंच. गाठीपासून पुढं लांब दोरी आणि दोरीच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा बोया. जाळं तळाला गेलं की दोन्ही कडी एकमेकांत बसून सपाट होतात, ताट ठेवल्यासारखी. शेवंड चालत येतो, आमिष कुरतडतो, पोट भरलं की चालत निघून जातो. त्याला अडवणारं काहीच नसतं. तिथल्या कायद्यालाही तेच हवंय: खाली असताना जाळ्यानं कुणाला कोंडता कामा नये. वरून ओढायला लागलात की मगच कडं उचललं जातं आणि मध्ये पिशवी तयार होते. म्हणजे तळाला पडलेलं जाळं हे नुसतं जेवणाचं ताट. खरी धरपकड त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात.

त्यांचे बाकीचे नियम ऐकून मला आमच्या कारखान्यातले पाळीचे नियम आठवले. हंगाम सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत. माणशी पाच जाळी, होडीवर कितीही माणसं असली तरी दहाच्या वर नाहीत. दर दोन तासांच्या आत प्रत्येक जाळं उचलून बघायचं. दिवसाला माणशी सात शेवंड. डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठीच्या कवचाच्या शेवटापर्यंत सव्वातीन इंच भरला पाहिजे, कमी भरला तर तिथल्या तिथं पाण्यात. एवढा व्हायला त्याला सात-आठ वर्षं तरी लागतात. आणि प्रत्येकाजवळ एक कार्ड, त्यावर तारीख, जागा, किती धरले, सगळं लिहायचं. बोयावर आपला नंबर. मी नुसता बरोबर जाणार म्हटलं तरी दोरीला हात लावणार म्हणून जावईबापूंनी माझ्या नावाचं दोन दिवसांचं लायसन काढलं, कार्डही घेतलं. सहासष्टाव्या वर्षी मी परवानाधारक मच्छीमार झालो. हिनं त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला. खाली काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

पहिल्या रात्रीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण चूक माझी होती.

मिशन बे म्हणून तिथं खाडीसारखं शांत पाणी आहे. समुद्राकडं उघडणाऱ्या तोंडाला दगडी धक्का आहे. शेवंड दिवसभर अशा दगडांच्या कपारीत बसतो आणि अंधार पडला की खायला बाहेर पडतो. त्यामुळं हे काम रात्रीचंच. वाहनतळावर अजून थोडा उजेड होता. जावईबापू होडी उतरवत होते, मी म्हटलं जाळी मी लावतो. कयाकच्या मागं एक खोलगट जागा असते सामान ठेवायला, तिथं पाचही जाळी एकावर एक ठेवायची. कड्याचा व्यास होडीच्या रुंदीएवढाच, दोन्ही बाजूंनी काठाला टेकणारा. मी अगदी नीट रचली. म्हणजे मला तसं वाटलं. दोऱ्यांची गोल वेटोळी केली, जाळ्याच्या मध्यात ठेवली, वर पुढचं जाळं. बोये दिसायला बरे दिसावेत म्हणून सगळे एका बाजूला लावले. वरून रबरी पट्टा. लांबून बघितलं तर भांड्यांच्या दुकानातली मांडणी.

माझ्या आजीकडं मातीच्या मडक्यांची उतरंड होती. खाली मोठा रांजण, वर लहान होत जाणारी मडकी. तळाच्या रांजणात वर्षाची ज्वारी, सगळ्यात वरच्या बोळक्यात मीठ, कारण मीठ रोज लागतं. कधी पाहुणे आले आणि तळातलं काही काढायची वेळ आली की आजी सगळी उतरंड उतरवायची आणि पाहुण्यांना मनातल्या मनात शिव्या द्यायची. हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असलेलं वेळेवर हाताशी येत नाही.

धक्क्यापासून थोडं अलीकडं पहिलं जाळं सोडायचं होतं. जावईबापू मागं बसलेले, मी पुढं. अंगावर लाइफ जॅकेट. लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना आम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधायचो, त्याचीच आठवण झाली. डब्याचा पत्रा कानाला लागायचा, हे तेवढं मऊ. जावईबापूंनी मागं वळून वरचं जाळं उचललं आणि पाण्यात सोडलं. दोरी सरसर गेली, आणि थांबली. जाळं निम्म्यात लोंबकळत राहिलं. त्याचा बोया मी बाजूला लावला होता तो तिसऱ्या जाळ्याच्या शिंक्यातून आरपार गेलेला. त्यांनी तो सोडवायला ओढला तर दुसऱ्याची दोरी वर आली. गोल वेटोळ्याला ठिकठिकाणी वळ पडलेले, ओल्या दोरीचे असे गचके झालेले की बोट जात नव्हतं. एक फेरा त्यांच्या घोट्याभोवती आला. खाली दीड किलो लोखंड लटकतंय, होडी डुलतेय, वरून ओहोटी आम्हाला हळूहळू बाहेर नेतेय. मी वल्हं मारून होडी जागेवर ठेवायचा प्रयत्न करत होतो आणि माझं सगळं लक्ष मागून येणाऱ्या श्वासाकडं होतं. शिवी येईल असं वाटत होतं. आली असती तर बरं झालं असतं.

चाळीस मिनिटं गेली. त्यांनी डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात एकेक गाठ सोडवली. पूर्ण वेळात एकच वाक्य बोलले: "मामा, तुम्ही वल्हं सोडू नका." त्या रात्री दोनच जाळी पाण्यात गेली आणि दोन्हींतलं आमिष समुद्रसिंहांनी खाल्लं. एकजण बोयाजवळ डोकं वर काढून आमच्याकडं बघत होता. ढेकर दिली नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. गुंता हा माझ्या धंद्यातला जुना वैरी. सूत गुंडाळलेल्या शंकूला आम्ही कोन म्हणतो. त्याच्यावरून धागा वरून ओढला तर प्रत्येक वेढ्यामागं त्याला एक पीळ चढतो. तोच कोन आडवा धरून, फिरवत सोडला तर पीळ चढत नाही. हे मागावरचं पोरगंही जाणतं. दोरीचं गोल वेटोळं जमिनीवर ठेवून टोक ओढलं की तेच होतं: दर फेऱ्याला एक पीळ, आणि पीळ साठला की दोरी स्वतःभोवतीच वळते. चूक दोरीची नव्हती. मी तिला पन्नास पीळ देऊन ठेवले होते आणि अंधारात त्यांनी ते परत मागितले.

मग आजी आठवली. उतरंडवालीच, पण आता तिचा दुसरा उद्योग. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घराला लागून तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची घरं होती, सकाळी गल्लीभर ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, पसरलेला असायचा, त्याला खळ द्यायचं काम चालायचं. आजी त्यांच्याकडं ताणा करायला जायची. खुंट्यांवरून धागा नेताना शेवटच्या दोन खुंट्यांना ती सरळ वेढा देत नसे. एकीच्या वरून, दुसरीच्या खालून, परत उलट. आठचा आकडा. त्या फुलीमुळं हजारो धागे असले तरी प्रत्येकाचा नंबर राहतो. मागाला जोडताना कुणी पुढं घुसत नाही. मी पाच-सहा वर्षांचा असेन. तिच्या हाताकडं बघत बसायचो, आणि ती म्हणायची, "बघतोस काय, मोज."

गॅरेजमध्ये दोन खुर्च्या उलट्या केल्या आणि त्यांच्या पायांवर दोरी आठच्या आकड्यात घेतली. अर्धा फेरा उजवा, अर्धा डावा, पीळ जागच्या जागी फिटतो. ती गड्डी जमिनीवर ठेवून ओढली, एक वळ नाही. पाचही दोऱ्या तशा केल्या. मग रचायचा क्रम ठरवला. जे सगळ्यात शेवटी सोडायचं ते तळाला, पहिलं सोडायचं ते सगळ्यात वर. प्रत्येकाची गड्डी आणि बोया त्याच्याच कड्याच्या आत, एक इंचही बाहेर नाही. अंधारात रंग दिसत नाहीत म्हणून बोयाजवळच्या टोकाला गाठी मारल्या, पहिल्याला एक, पाचव्याला पाच. संध्याकाळी जावईबापू आले, बघितलं, एक गड्डी उचलून ओढून पाहिली. परत तशीच करायला गेले तर जमेना. "मामा, दाखवा ना." मी दाखवलं. तेव्हा पहिल्यांदा आम्ही दोघं एका दोरीची दोन टोकं धरून उभे होतो आणि टीव्ही बंद होता.

दुसऱ्या रात्री पाचही जाळी पाच मिनिटांत पाण्यात गेली. पाठीमागून फक्त "एक... दोन..." असं मोजणं ऐकू येत होतं. बोयांवरचे छोटे हिरवे दिवे ओळीनं हलत राहिले.

उचलणं मात्र मी करून बघितलं आणि माझी जागा ओळखली. आधी ढिली दोरी हळूच गोळा करायची, जाळं अजिबात हलू द्यायचं नाही. दोरी ताठ झाली की मग एका दमात, हातावर हात, मध्ये श्वास घ्यायलाही थांबायचं नाही. कारण शेवंड चालतो पुढं, पण पळतो मागं. शेपटी एकदा पोटाशी मारली की कड्याबाहेर. तीस-पस्तीस फूट पाणी, पण दहाव्या हाताला माझे खांदे बोलायला लागले. थांबलो. जाळं वर आलं तर आत आमिषाची डबी आणि एक अतिशय निवांत खेकडा.

चौथं जाळं जावईबापूंनी ओढलं. टॉर्चच्या उजेडात आधी लांब मिशा दिसल्या, मग तो. तांबूस, काटेरी, नांग्या नाहीत. हातमोज्यानं पाठीला धरल्यावर त्यानं आवाज काढला. कर्र-कर्र. मी दचकलो. फणीच्या दातांवरून कुणी नख ओढत न्यावं तसा आवाज. मिशीच्या बुडाशी एक मऊ गादी असते, ती डोळ्याखालच्या कडेवर घासून तो हे करतो. सारंगीवर गज अडखळत सरकावा तशी रीत. मला मात्र कारखानाच आठवला. पितळी मापपट्टी त्याच्या पाठीला लावली. केसाएवढं कमी. एवढ्या मेहनतीनंतर केसाएवढं! मी जावईबापूंच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी दुसऱ्यांदा मापही लावलं नाही, हात पाण्यात घालून त्याला सोडून दिलं. शेपटीचा एक फटका, आणि काळं पाणी.

त्या रात्री चार आले, तीन मापात बसले नाहीत. जो बसला त्याचा लेकीनं काळ्या मसाल्यात रस्सा केला. हिनं सोलापूरहून नेलेला मसाला. शेवंडाची चव कशी असते विचाराल तर मला तिखट आठवतंय.

तर आता हे मे महिन्यातलं गच्चीवरचं. येत्या ऑक्टोबरात परत जायचंय. तिकडची कडी चांगली आहेत, पण जाळ्या फाटल्या, शिंकी काथ्यासारखी झालीत. जावईबापू म्हणाले, दुकानातून नवीन आणतो. मी म्हटलं, मी करून आणतो. लोखंड काही विमानातून नेणार नाही. ही इथली पाच कडी नुसती मापासाठी. त्यांच्यावर जाळी ओवायची, शिंकी बसवायची, सगळं जुळलं की कड्यांवरून उतरवून गुंडाळून न्यायचं. जाळं पंढरपूरहून एका ओळखीच्यानं आणून दिलं.

शिंक्यात फसवणूक चालत नाही. तीन दोऱ्यांत अर्ध्या इंचाचा फरक पडला की कडं तिरकं वर येतं, आणि खालच्या बाजूनं शेवंड सभ्य पाहुण्यासारखा उतरून जातो. पाटावर दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये मापली, तरी गाठ आवळताना एक लांब झालीच. झोपाळ्याच्या कडीला जाळं टांगलं आणि कड्यावर एक गोटी ठेवली. गोटी घरंगळली. गाठ सोडली, परत मारली. गोटी थांबेपर्यंत दुपारचे चार वाजले. जिथं जाळी लोखंडाला घासते तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या.

शिंक्याच्या गाठीजवळ एक छोटा तरंगता तुकडा लावायचा असतो, म्हणजे तळाला गेल्यावर त्या तीन दोऱ्या आमिषावर पडत नाहीत, वर उभ्या राहतात. तो तुकडा पुरेसा तरंगतो का हे बघायला पाणी हवं. गच्चीवर दोन पिंपं भरलेली होती. मी नुसतं शिंकं बुडवलं, खाली वजनाला वॉशर बांधून. दोऱ्या पाण्यात सरळ उभ्या राहिल्या, तंबूच्या दोऱ्यांसारख्या. मी खाली वाकून बघतोय आणि ही जिन्यात.

"प्यायचं पाणी आहे ते."

"वापरायचं आहे."

"वापरायचं म्हणजे शेवंडाला वापरायचं? उद्या नाही, परवा नाही, तेरवा नळ यायचाय."

मी शिंकं बाहेर काढलं. पण दोऱ्या उभ्या राहिल्या होत्या.

रात्री जेवण झाल्यावर मी गच्चीवर खडूनं कयाक काढतो. मागची खोलगट जागा, बसायची जागा. पाच कडी रचतो, दिवा घालवतो आणि स्टुलावर बसून मागं न बघता एकेक सोडतो. जमिनीवर कडं पडल्याचा आवाज होतो म्हणून खाली जुनी चादर अंथरली, मोराचीच. शेजारचे कठड्यावरून बघतात. "काय करलालाव ओ मास्तर?" "व्यायाम." एवढ्यावर भागतं.

पण गच्ची म्हणजे पाणी नाही. म्हणून एका रविवारी दोन कडी घेऊन हिप्परग्याला गेलो. एकरुख तलाव म्हणजे सोलापूरकरांच्या भाषेत हिप्परगा, तुळजापूर रोडला, 1871 साली बांधून झालेला. उजनीचं पाणी येण्याआधी कित्येक पिढ्या शहर याच्यावर जगलं. काठावर एक भोई माणूस, चाळिशीचा, थर्माकोलच्या तराफ्यावरून नुकताच जाळं ओढून आलेला. त्याला विचारलं, तराफ्यावर नेता का, खेकडे बघायचेत. त्यानं माझी कडी हातात घेतली, शिंकं ताणून बघितलं, मान हलवली. म्हणजे पास.

काठाजवळच आठ-दहा फुटांत जाळी सोडली, कोंबडीची आतडी लावून. थोड्या वेळानं ओढली: दोन खेकडे, रुपयाएवढे, आणि गोगलगायी. परत सोडायच्या आधी मी तराफ्यावर मांडी घालून, गुडघ्यांवर दोरी आठच्या आकड्यात घ्यायला लागलो. तो बघत होता. वेळ फार लागत होता, तराफा वाऱ्यानं सरकत होता.

"काका, दोरीला काय शिकवताव?"

मी त्याला पीळ समजावून सांगितला. कोन, वेढा, आजी, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग आपलं प्लास्टिकचं घमेलं दोन पायांमध्ये ओढलं आणि माझ्या हातातून दुसऱ्या जाळ्याची दोरी घेतली. ओढत गेला, आणि दोरी घमेल्यात जशी पडेल तशी पडू दिली. हात लावला नाही, रचली नाही. नुसता ढीग. बोया आधी आत गेला, मग दोरी, शेवटी जाळं हातात. आमिष बघितलं, आणि जाळं तसंच परत पाण्यात टाकलं. ढिगातून दोरी वरच्या वर उलगडत गेली, सगळ्यात शेवटी बोया टुणकन बाहेर पडला.

"जे शेवटी आत गेलं ते पहिलं बाहेर येतंय. मग गुंतंल कशाला? हात घातला की गुंततंय."

मी काही बोललो नाही. त्याच्यासमोर चार वेळा करून बघितलं. चारही वेळा साफ. आठचा आकडा चुकीचा नव्हता, पण तो खुर्चीच्या पायांसाठी, गॅरेजसाठी होता. पाण्यावर दोन तासांत पाच जाळी उचलून पाच परत सोडायची तर गुडघ्यावर ताणा घालत बसायला वेळ कुणाला आहे? येताना एसटीत मनातल्या मनात आजीशी थोडं भांडलो. तिला घमेलं माहीत नसेल असं थोडंच आहे.

अडचण एकच. पाच घमेली कयाकमध्ये मावत नाहीत. एक दोन पायांमध्ये बसेल, पण सुरुवातीला पाचही दोऱ्या भरलेल्या हव्यात. गच्चीवर खडूच्या होडीत घमेली ठेवून, कडी वर ठेवून बघितली. उतरंड डुगडुगायला लागली. कणीक मळायची पितळी परातसुद्धा आणून बघितली. ती हिनं नेली.

जाताना म्हणाली, "कांद्याच्या पिशव्या घ्या की."

सोलापूरच्या बाजार समितीत कांदा किती येतो हे राज्याला माहीत आहे. त्या जाळीच्या लाल पिशव्या आमच्याकडं घरोघरी. ओढताना दोरी पिशवीत कोंबायची, पाणी आपोआप गळून जातं, कड्याच्या आत चपटी बसते, वर दुसरं जाळं सपाट राहतं. तोंडाला नाडी. मी पाच पिशव्या निवडल्या, धडक्या. रात्री दिवा घालवून पाचही सोडली. चादरीवर पाच वेळा धप्प, आणि प्रत्येक वेळी दोरी सळसळत बाहेर. ही जिन्याच्या पायरीवर बसून मोजत होती. पाचव्यानंतर म्हणाली, "आता झोपू द्या खालच्यांना."

व्हिडिओ कॉलवर जावईबापूंना दाखवलं. ते फोन तोंडाजवळ आणून बघत होते. "मामा, हे भारी आहे. नाडी डाव्या बाजूला घ्या, मी डाव्या हातानं सोडतो." मागून लेकीचा आवाज आला: "अप्पा, त्या पिशव्या धुऊन आणा हं. एअरपोर्टवर बॅग उघडतात. कांद्याचं एक साल निघालं ना, तर तिथंच तासभर बसवतील तुम्हाला."

तेरवाचा नळ आला. हिनं पहाटे उठून पिंपं भरली, मग उरलेल्या पाण्यात त्या पाच पिशव्या धुतल्या, उलट्या करून, शिवणीत अडकलेली सालं एकेक वेचून. आता त्या दोरीवर वाळत घातल्यात, डाव्या बाजूला नाड्या. समोरच्या गच्चीवरच्या वहिनी विचारत होत्या, कांदा काय भाव मिळाला.